भरवणारा हात

“दुसऱ्याच्याच हातून का, महाराज? मला काय हात नाहीत?”

श्रीपती चिडूनच बोलला. चिडणारच. अमर करणाऱ्या रसापायी पारा घोटता घोटता त्याचे केस पिकले होते आणि आज, रस तयार झाल्यावर, त्याचे गुरू कनकनाथ शेवटची अट सांगत होते. स्वतःच्या हातानं घेतला तर हा रस लागू पडत नाही. दुसऱ्यानं तो जिभेवर ठेवावा लागतो.

“कुणीही चालेल?”

“चालेल. तुझा भरवसा असेल असं माणूस बघ. नाहीतर त्याचीच नियत फिरायची.”

श्रीपती हुशार होता आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं. पण खलातल्या त्या चिमूटभर लाल रसाकडे बघताना त्याला असं एकही माणूस आठवेना.

“तुझी बायको होती ना?” नाथांनी विचारलं.

“गोदा... गेली.” तो खाली मान घालून म्हणाला. “तिला ताप भरला तेव्हा घरून निरोप आला होता. पण भट्टी ऐन रंगात होती. म्हटलं, एकदा रस झाला की तिलाही देईन. मग मरणाची भीतीच कशाला?”

“मग?”

“भट्टी विझू दिली नाही.”



श्रीपतीला एकदम हुंदका आला. इतक्या वर्षांत तो तिच्यासाठी रडलाच नव्हता; वेळ कुठे होता? सणावाराला गोदा त्याच्या तोंडात पहिला घास कोंबायची आणि तो तिच्यावर वैतागायचा, हे त्याला आत्ता आठवलं. चूक झाली होती, फार मोठी चूक झाली होती, आणि ती निस्तरायला कुठलाच रस पुरणार नव्हता.

तरीही थोड्या वेळानं त्यानं डोळे पुसले. आशा चिवट असते.

“तुम्हीच भरवा, महाराज. तुमच्याशिवाय मला आता कोण आहे? तुमची माया आहे ना माझ्यावर?”

“आहे रे.”

नाथांनी सगळा रस बोटावर घेतला. श्रीपतीनं लहान मुलासारखा आ केला. बोट ओठांपाशी आलं... आणि थांबलं.

मग नाथांनी ते धुनीच्या राखेत पुसून टाकलं.

“हे काय केलंत!” श्रीपती किंचाळला. “स्वतः मात्र घेतलात! खालच्या गावातल्या म्हाताऱ्यांच्या आज्यांनीसुद्धा तुम्हाला असंच पाहिलंय. तुम्हाला कुणी भरवला होता?”

“माझ्या गुरूंनी.”

“बघा! याला म्हणतात माया!”

नाथांनी चिमट्यानं धुनीतली राख सारखी केली.

“मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.”