कानातल्या मशीनमधली बाईसाहेब

फार जुनी, म्हणजे तीन सेलांपूर्वीची गोष्ट. गुळवणी हेडमास्तरांच्या कानातल्या मशीनमध्ये एक सेल, एक चिप आणि एक रेग्युलेटर राहत होते. सेलकडून घेतलेलं व्होल्टेज चिपला कामापुरतं द्यायचं, एवढंच रेग्युलेटरचं काम. मास्तर गप्पांना बसले की जास्त, मशीन न काढताच दुपारी आडवे झाले की कमी.

चिपला ते झोंबलं. "मी कोण, आणि मला वाढतोस किती! मला चोवीस तास पूर्ण व्होल्टेज हवं."

"मास्तर झोपल्यावर काय करणार त्याचं, बाईसाहेब?"

"करायचं काही नाही. मिळायला हवं."

एवढ्या विद्वान बाईंचा हुकूम! रेग्युलेटरने पूर्ण व्होल्टेज सोडलं. मग चिप रोज दुपारभर मास्तरांचं घोरणं पूर्ण व्होल्टेजवर, मोठ्या रुबाबात ऐकत राहिली.

चौथ्या दिवशी शाळेत मास्तरांचा सत्कार होता. पहिला वक्ता उभा राहिला आणि सेल संपला. मास्तर तासभर हसून मान डोलावत राहिले, अगदी त्यांच्या छडीचा उद्धार झाला तेव्हासुद्धा.

घरी नवा सेल बसला. "आधीचा फारच लेचापेचा निघाला," चिप म्हणाली. "याच्याकडून तरी नीट घे."

नव्या सेलने रेग्युलेटरला हळूच विचारलं, "आधीचे कशाने गेले हो?"

"मानपानात," रेग्युलेटर म्हणाला.