मागे घेतलेली झूम

एका गावात एक फोटोवाला आणि त्याची बायको भर अंगणात भांडत होती, आणि त्यांचं मिटेपर्यंत हिराईच्या घरच्या कुणाला जागचं हलता येत नव्हतं.

हिराई नव्वदीची. जमिनीच्या वाटणीपासून तिचे तिन्ही मुलगे एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. म्हातारीनं हट्ट धरला म्हणून आज ते तिच्या खुर्चीमागे एका ओळीत उभे होते. फोटो झाला की पांगणार. धाकट्याची गाडी तर दारात सुरूच होती. असे पुन्हा कधी उभे राहतील, ते हिराईलाही सांगता आलं नसतं.

आणि फोटो काही धड येईना. दोनदा काढला, दोन्ही वेळा सगळ्यांचे चेहरे धुरकट.

फोटोवाल्या शिवदासचं म्हणणं, दोष त्याच्या बायकोनं, मथुरेनं, घ्यायला लावलेल्या नव्या डिजिटल कॅमेऱ्याचा. मथुरेचं म्हणणं, दोष त्याच्या जुन्या झूम लेन्सचा. नवी लेन्स घेऊ म्हटलं तर ऐकलं नाही, बाजारातून अडॅप्टरचं कडं आणलं आणि जुनीच नव्याच्या गळ्यात बांधली.

"तिला नावं ठेवू नकोस. तुझ्याआधी घरात आलीय ती," शिवदास म्हणाला.

"म्हणून तर तिचंच ऐकता," मथुरा म्हणाली.

हिराईच्या सुना पदराआड हसल्या. शिवदासच्या ते जिव्हारी लागलं.

लेन्स खरंच गुणी होती. फोकस हातानंच करायचा. शिवदासची पद्धत ठरलेली: लेन्सची नळी पुढे सरकवून मधल्या माणसाचा चेहरा जवळ आणायचा, फोकसचं कडं फिरवून भुवईचा केस न् केस स्पष्ट करायचा, मग नळी मागे घेऊन सगळ्यांना चौकटीत बसवायचं आणि बटण दाबायचं. रिळाच्या कॅमेऱ्यावर या पद्धतीनं जन्मात दगा दिला नव्हता. नळी मागे घेतल्यावर पुन्हा तपासायचं, हे त्याच्या मते शिकाऊंचं काम.

पण अडॅप्टर होता हवा त्याहून केसभर पातळ. जवळून जुळलेला फोकस नळी मागे घेतली की सुटायचा. त्यात अंगणात सावली, म्हणून लेन्सचं तोंड पूर्ण उघडं ठेवलेलं. तोंड असं उघडं असलं की फोकसची तेवढीशी चूकही लपत नाही.

बायकोला खोटं पाडायचं म्हणून शिवदासनं नळी मागे असतानाच कॅमेऱ्याच्या पडद्यावर हिराईचा चेहरा मोठा करून पाहिला. चेहरा पुसट. काय झालं ते त्याला तिथल्या तिथे कळलं. फोकसचं कडं जरासं फिरवलं की काम होणार होतं. पण एवढ्या माणसांपुढे, आणि बायकोपुढे, शिकाऊसारखं पुन्हा वाकायचं? माणसाचा हात अशा वेळी फार जड होतो.

"कॅमेराच भिकार आहे," तो म्हणाला. "राहू द्या फोटो."

थोरला खांदे उडवून बाजूला झाला. धाकटा गाडीकडे निघाला. मधला कुणाकडेच न बघता चपला शोधू लागला. हिराई मात्र हात मांडीवर ठेवून तशीच बसून राहिली, मागे अजून मुलगे उभे असल्यासारखी.

शिवदासच्या खांद्यावरून मथुरेनंही पडदा पाहिला होता. चूक कुणाची ते तिला दिसलं, आणि लेन्सची नाही हेही दिसलं. चारचौघांत त्याला उघडं पाडायला याहून चांगली वेळ तिला मिळाली नसती. ती जवळ गेली आणि हळूच म्हणाली,

"अहो, लेन्स चांगलीच आहे, मी उगाच बोलले, आता नळी मागे घेतलीय तर इथूनही एकदा फोकस बघा, हिराई अजून उठलेली नाही."

तात्पर्य: एकदा नीट पाहिलं म्हणून ते कायमचं नीट दिसत राहत नाही. अंतर बदललं की पुन्हा पाहावं, मग समोर फोटो असो की सख्खा भाऊ. त्यात कमीपणा मानणाऱ्याच्या हाती धुरकट चेहरेच उरतात.