पेशीच्या दाराशी

"दोन्ही आकडे सारखे कसे येतील, बाई?"

सोहोनीबाई चष्मा पुसत होत्या. पुसत राहिल्या. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी प्रयोगशाळेतली अडलेली मुलं त्यांच्याकडेच यायची.

मनस्वी धारपनं कागद पुढे सरकवला. दोन डिश. दोन्हींत कोलेस्टेरॉल खाऊन फुगलेल्या पेशी. एकीत रक्तातून वेगळं काढलेलं प्रथिन घातलेलं, दुसरीत नुसता द्राव. प्रथिनाच्या डिशमध्ये कोलेस्टेरॉल भराभर पेशींबाहेर यायला हवं होतं. पहिल्या अर्ध्या तासानंतर आकडा जरासा कमी वाटला, तेव्हा तिनं मनावर घेतलं नाही. चार तासांनी बघते, तर प्रथिन असून नसल्यासारखं.

प्रथिनाची आता एकच नळी उरली होती. सोमवारी समितीपुढे निकाल ठेवायचा होता. नाही ठेवला तर शिष्यवृत्ती बंद, आणि सामान बांधून घरी, सांगलीला.

तिनं आधीच सांगून टाकलं की पायरी कुठली चुकलेली नाही. विद्यापीठात पहिली आलेय, एवढं कळतं. प्रथिनातच दम नव्हता. आत शिरून कोलेस्टेरॉल ओढून आणणं त्याला जमलं नाही. या वेळी दुप्पट घालीन.

"आत शिरतं कोण?" बाईंनी विचारलं.

"प्रथिन."

"ते बाहेरच थांबतं गं. पेशी आपण होऊन देते."

"मग ते करतं काय?"

...

बाईंनी हात पुढे केला. कोटाच्या खिशात असेल ते दे म्हणाल्या.

मनस्वीनं खिसा चाचपला. किल्ल्या हाताला लागतात तोच बाईंनी तळवा मागे घेतला, डोळ्यांजवळ नेऊन निरखला.

"काहीच आलं नाही."

पुन्हा हात पुढे. किल्ल्या अर्ध्या बाहेर आल्या, तेवढ्यात हात मागे. तिसऱ्यांदा मनस्वीनं किल्ल्या काढल्याच नाहीत.

"असं कसं देणार कुणी?" ती चिडून म्हणाली.

आणि तिची नजर कागदावर गेली.

मग थोडं थोडं करून सगळं सांगितलं. चार तास धीर धरवला नाही. दर अर्ध्या तासानं डिशमधला सगळा द्राव काढून तपासला. काढलेल्याच्या जागी ताजा भरला... बिनप्रथिनाचा.

"म्हणजे त्याला पहिल्या अर्ध्या तासातच हाकललंस," बाई म्हणाल्या. "पुढच्या सात वेळा कुणाची वाट बघत होतीस?"

मनस्वीला हसू आलं आणि रडूही.

"पण कोलेस्टेरॉल बाहेर सोडणारं पेशीचं दार तर होतं ना, बाई?"

"समोर कुणीच नसलं, की पेशी ते दार मोडून टाकते. कुणी थांबलं तर ठेवते."

...

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला शेवटची नळी डिशमध्ये गेली. मनस्वी इन्क्युबेटरसमोर स्टूल घेऊन बसली. डोक्याशी हवा गाळणाऱ्या हूडचा पंखा घोंघावत होता.

तासाभरानं तिनं बाईंना फोन लावला. एकच थेंब काढून पाहू का, एवढंच विचारायचं होतं. कुणी उचलला नाही. दुसऱ्या तासालाही नाही. तिसऱ्या तासाला शेजारच्या खोलीत काचेचं काहीतरी फुटलं, तशी ती दचकून उठली आणि हात आपोआप इन्क्युबेटरच्या मुठीवर गेला. मुठीवरच राहिला. पुन्हा फोन केला. घंटी वाजत राहिली. ती परत येऊन बसली.

चौथ्या तासात काय झालं कोण जाणे, घड्याळ बघायचंच राहून गेलं.

दोननंतर आकडे आले. नुसत्या द्रावात चार टक्के कोलेस्टेरॉल बाहेर आलेलं. प्रथिनाच्या डिशमध्ये एकवीस. तिनं ते तीनदा वाचले.

पंखा बंद केला. बाईंना फोन लावला.

घंटी दाराबाहेर वाजली.

तिनं दार उघडलं. व्हरांड्यातल्या बाकावर बाई बसल्या होत्या. शेजारी जेवून रिकामा केलेला डबा. मनस्वी फोन कानाला लावून समोरच उभी, तरी बाईंनी सावकाश बटण दाबलं, फोन कानाशी नेला.

"बोल. मी गेलेच कुठं होते?"