कोपऱ्यातली साखळी

एका शहरात एकदा एक वृद्ध शिक्षक काही तरुणांच्या साथीने सर्वांसाठी खुली अशी एक कार्यशाळा चालवीत असत. संगणक, तारा, जुनी यंत्रे. ज्याला जे शिकायचे असेल त्याने यावे आणि शिकावे. एका शनिवार-रविवारी तिथे डिजिटल चलनावर मेळावा भरला.

सरावासाठी एक लुटुपुटूचे चलन केले होते. प्रत्येक टेबलावरचा संगणक इतरांचे व्यवहार तपासून नोंदींची एकेक कडी जोडी, आणि सर्वांची मिळून एक साखळी होई. दोन साखळ्या समोरासमोर आल्या, तर लांब असेल ती खरी मानायची, असा नियम होता.

मेळाव्याला एक अबोल मुलगी आली होती. इथल्या माणसांनी आपल्याला त्यांच्यात घ्यावे, असे तिला फार वाटे. पण तिने कोपऱ्यातले टेबल निवडले आणि इतर संगणकांशी जोडणारी वायरच काढून ठेवून एकटीने साखळी जोडायला घेतली. उद्या आपली निर्दोष साखळी सर्वांना दाखवू, मग तेच बोलावतील, असे तिने मनाशी ठरवले.

"काय गं, स्वतःची टांकसाळ उघडलीस की काय?" जाता जाता एक मुलगा म्हणाला. ती हसली. तो पुढे निघून गेला.

दुपारी सगळे गच्चीवर जेवायला गेले. तिने पडद्यासमोरच डबा उघडला. तेवढ्यात शिक्षक आले. त्यांनी सुटी वायर पाहिली, उचलली, तिच्या हाताजवळ ठेवली आणि निघून गेले.

रविवारी तिने वायर जोडली. क्षणात इतरांची लांब साखळी आली आणि तिची एकूण एक कडी पुसली गेली. कुणाचे लक्षही नव्हते.

ती शिक्षकांकडे गेली. "सर, माझी एकही नोंद चुकली नव्हती."

"ठाऊक आहे."

"काल तुम्ही वायर पाहिलीत. मग जोडली का नाहीत?"

"मी जोडली असती, तर संगणक जोडला गेला असता, बाळ. तू कोपऱ्यातच राहिली असतीस. तुझी साखळी चुकीची म्हणून गेली नाही. ती घडताना तपासणारे, कड्या जोडणारे दुसरे कुणी नव्हते, म्हणून ती आखूड राहिली आणि गेली. या मुलांनी तुला जेवायला हाक मारली नाही, ही त्यांची चूक. ती मी त्यांना सांगेन. पण निर्दोष झाल्यावरच माणसांत जायचे, हे तू ठरवलेस. अपुरे काम घेऊन जा. चुका काढण्याच्या निमित्ताने का होईना, माणसे शेजारी बसतात."

ती तिथून निघाली. मग दोन मुली वाद घालत बसल्या होत्या, त्या टेबलाशी गेली.

"माझी सगळी साखळी गेली," ती म्हणाली.

त्यांतल्या एकीने मान वर न करता बाकावरची पिशवी बाजूला सरकवली. "आमची कडीही काल अडकली होती. बस. कुठून सुरू केलीस ते सांग."

तिने बसून पहिल्या कडीपासून सुरुवात केली. ती सांगत राहिली.