बावीस अंशांचे वाचनालय

यातले काहीही मी स्वतः पाहिलेले नाही. मी तेव्हा त्या गावात नव्हते. जे सांगते आहे ते ग्रंथपाल रत्नमालाबाई मुळे यांच्याकडून ऐकलेले आहे, आणि त्या वाढवून सांगणाऱ्यांपैकी नाहीत.

सातपुड्याच्या पायथ्याशी एक गाव आहे. त्या गावच्या वाचनालयात झिंगराजी नावाचे एक भोळे शिपाई होते. भोळे म्हणजे आळशी नव्हेत. सांगितलेले काम ते त्याच दिवशी करत, आणि एकदा शिकलेली गोष्ट कधी विसरत नसत. सारी अडचण इथेच होती.

वाचनालयाची इमारत एकशे चाळीस वर्षांची. दोन हात जाडीच्या दगडी भिंती, चुन्याचा गिलावा, छताखाली झरोक्यांची रांग. ती बांधणाऱ्यांना वैशाख ठाऊक होता. नंतर आलेल्या कमिट्यांना ऑइलपेंट ठाऊक होता. त्यांनी तो भिंतींना फासला, झरोक्यांवर फळ्या ठोकल्या, आणि मग इमारत तापते अशी तक्रार केली. त्या वर्षी जिल्ह्याहून पत्र आले. वैशाखात, एसी न लावता, वाचनाचे दालन चौतीस अंशांच्या आत राहिले नाही, तर ते बंद करून पुस्तके तालुक्याला हलवण्यात येतील. दालनात अकरा मुली रोज पोलीस भरतीचा अभ्यास करत. त्यांची घरे टिनाची होती. वैशाखातल्या दुपारी टिनाखाली पापड भाजता येतो, अभ्यास होत नाही. दालन गेले तर या अकराजणींना बसायला गावात दुसरी जागा नव्हती.

म्हणून रत्नमालाबाईंनी जुन्या इमारतींचे काम जाणणाऱ्या इंजिनिअर तायवाडे बाईंना बोलावले. बाईंनी भिंतीवर टिचकी मारली आणि झिंगराजींना समजावले, की चुन्याची भिंत श्वास घेते, वरचा रंग तिचा श्वास कोंडतो. जुन्या वस्तूवरचे आवरण खरवडून काढावे. आतले मोकळे होऊ द्यावे.

झिंगराजींनी ते लक्षात ठेवले. आठ दिवसांत त्यांनी साऱ्या भिंती खरवडल्या, आणि उत्तम खरवडल्या. नवव्या दिवशी त्यांना कपाटातल्या जुन्या पुस्तकांना कोंदट वास आला. संध्याकाळपर्यंत तीनशे बारा पुस्तकांची वेष्टने आणि पुठ्ठे उतरले.

रत्नमालाबाईंनी उतरलेले पुठ्ठे गोळा केले. मग त्यांनी शांतपणे सांगितले, की जुन्या वस्तूचे आवरण काढायचे नसते, उलट तिच्यावर आणखी एक चढवायचे असते. म्हणजे धूळ आत जात नाही.

झिंगराजींनी तेही लक्षात ठेवले. त्याच आठवड्यात सुताराने झरोक्यांवरच्या फळ्या काढल्या. झरोके जुने होते आणि धूळ तिथूनच येत होती. झिंगराजी शिडी घेऊन चढले आणि सगळ्या झरोक्यांना खाकी कागद लावून, वरून प्लॅस्टिक ठोकून, व्यवस्थित कव्हर घालून आले. दुसऱ्या दिवशी तायवाडे बाईंच्या तापमापकाने एकोणचाळीस दाखवले. मुली वह्या घेऊन व्हरांड्यात बसल्या.

"झिंगराजी, हे काय केलंत?" तायवाडे बाईंनी विचारले.

"आवरन चढवलं जी. रत्नमालाबाईनंच सांगतलं."

तायवाडे बाईंनी पुन्हा समजावले. गरम हवा वर चढते. तिला वाट हवी. म्हणून दुपारी वरचे उघडे ठेवायचे आणि खालचे बंद करायचे.

झिंगराजींनी झरोके मोकळे केले, खालच्या खिडक्या लावल्या, आणि दालन खरोखरच निवू लागले. मग ते गच्चीवर गेले. पाण्याच्या टाकीचे झाकण त्यांनी उघडे टाकले आणि खालचा नळ घट्ट बंद केला. वरून माकडांनी आंघोळी केल्या. खाली मुलींना प्यायला थेंब मिळाला नाही.

आता रत्नमालाबाईंचा आवाज थोडा चढला. टाकीचा नाद सोडा, म्हणाल्या, व्हरांड्यात माठ ठेवा. त्याला ओले फडके गुंडाळा, फडके सुकू देऊ नका. जे गार राहायला हवे, त्याला हाच उपाय.

झिंगराजींनी हे सर्वांत नीट लक्षात ठेवले.

वैशाखात जिल्ह्याचा माणूस आला. त्याने दालनाच्या भिंतीवर हाताएवढी एक पक्की बंद डबी टांगली. ती तीन दिवस आपोआप तापमान नोंदवणार होती. त्या काळात आत कोणी बसायचे नाही. झिंगराजींनी तेवढे झरोके-खिडक्या सांभाळायच्या, आणि डबीला हात लावायचा नाही. तायवाडे बाईंचा अंदाज तेहेतीस ते पस्तीस असा होता. म्हणजे तरणेही शक्य होते आणि बुडणेही.

चौथ्या दिवशी तो माणूस डबी घेऊन गेला. पंधरा दिवसांनी पत्र आले. दालनात तीन दिवस, दिवसरात्र, बावीस अंश. अशी थंड वास्तू जिल्ह्यात दुसरी नाही. ती केवळ वाचनासाठी अडवून ठेवणे उचित नसल्याने तिथे बियाण्यांचे गोदाम करण्यात येत आहे. पुस्तके तालुक्याला हलवावीत.

रत्नमालाबाईंनी पत्र दोनदा वाचले आणि झिंगराजींना हाक मारली.

"डबीला हात लावला होता तुम्ही?"

"नाही जी. चिमट्यानं केलं."

"काय केलं?"

"ओलं फडकं गुंडाळलं. बाहेर चव्वेचाळीस होतं, बिचारी तापली असती. तीन दिवस सुकू नाही देल्लं, रात्रीबी उठलो. नेताना काढून कोरडी करून देल्ली. लोकायची वस्तू ओली कशी वापस करावं?"

आत गेलेला माणूस हा एकच होता. रत्नमालाबाईंनी अखेरचा प्रश्न विचारला.

"तुम्ही तर आत होता ना. दालनात उकडत होतं का, तेवढं सांगा."

झिंगराजींनी प्रामाणिकपणे आठवून पाहिले.

"कसं सांगू जी? माह्या डोक्श्यावरबी ओला दुपट्टा होता."

रत्नमालाबाईंनी फेरमोजणीचा अर्ज केला. फेरमोजणी वैशाखातच होते, आणि वैशाख तोवर सरला होता. दालनात आता बियाण्यांची पोती आहेत आणि अकरा मुली व्हरांड्यात बसतात. त्या तीन दिवसांत दालन चौतीस अंशांच्या आत होते की बाहेर, याची नोंद कुठेही नाही.