चुकलेली उडी

फार वर्षांपूर्वी एका रानात कवडी नावाची वानरीण राहायची. ओढ्यावरून पलीकडच्या उंबरावर झेप घ्यावी ती तिनेच. एका उन्हाळ्यात मात्र तिचा हात फांदीपर्यंत पोचलाच नाही. ती अलीकडच्याच काठावरच्या झुडपात पडली. लाजेने कुणाला काही न सांगता ती पुन्हा आपल्या झाडावर चढून उपाशी बसून राहिली.

तिच्याच वयाची भुरी जवळ येऊन तिच्या उवा वेचू लागली.

"हे अंग माझं राहिलं नाही गं," कवडी रडत म्हणाली.

"तुझंच आहे. फक्त वय झालंय त्याचं. मलाही हल्ली धाप लागते."

"मग बोलली का नाहीस?"

"तू हसशील असं वाटलं."

दोघी खरंच हसल्या. मग खाली उतरून त्या ओढ्यातून चालत उंबराकडे निघाल्या. मध्येच कवडी थांबली.

"भुरे, इतकी वर्षं वरून गेले, पण पाणी एवढं गार असतं हे ठाऊकच नव्हतं."