चेटकिणीचं हसू

हेमलताबाईंनी हयातभर बालनाट्यांत चेटकीण रंगवली. त्याच चेटकिणीवर अभिराज टिपणीस यांनी सिनेमा काढला, भूमिका एका तरण्या नटीला दिली आणि मुहूर्ताचा नारळ फोडायला मात्र बाईंना बोलावलं.

पत्रकारांसमोर टिपणीस म्हणाले, "माझी चेटकीण दुष्ट नाही. म्हातारी झाली म्हणून गावानं तिला टाकलं. समाजाच्या डोळ्यांत अंजन घालायचंय मला. बाई, तुमचं ते कडवट हसू आमच्या हिरॉइनला शिकवा ना."

शेजारीच नटीच्या गालांवर रबरी सुरकुत्या चिकटवणं चाललं होतं. बाईंनी नारळ न फोडताच टिपणीसांच्या हातात ठेवला.

"शिकवायला कशाला हवं? तिच्या सुरकुत्या खऱ्या झाल्या, की तिलाही नुसता नारळ फोडायला बोलवा. हसू आपोआप येईल."